हुसेनभाईंची वखार

हाइलच्या हॉस्पिटलात आम्हा नवराबायकोला नोकरी लागली तेव्हा सासूबाईंपासून शेजारच्या वहिनींपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, "सौदीला चाललीस ना? मग स्वेटर कशाला नेतेस?" मी शहाणी, ऐकलं. अकोल्याची बाई मी. ऊन कसं काढायचं हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही, पण थंडीच्या बाबतीत आमची पाटी कोरी. पहिल्याच जानेवारीत हाइलच्या नळाचं पाणी बोटांना असं चावलं की मी ड्युटीवरून येऊन दोन ब्लँकेटं पांघरून बसायची आणि ज्यांनी ज्यांनी स्वेटर ठेवून जायला सांगितलं त्यांचा उद्धार करायची.

घर जुनं होतं. मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या खोलीच्या भिंतीत लाकडं जाळायची शेगडी होती, वर धुराडं. सतीश, माझा नवरा, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. माणसाच्या आतलं त्याला सगळं दिसतं, लाकडाच्या आतलं दिसत नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका गाडीवरून तो भारा घेऊन आला आणि पेटवला. इतका धूर झाला की मला तो दिसेना आणि त्याला मी. तेवढाच काय तो फायदा. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये खोकताना बघून केरळच्या एका सिस्टरने सांगितलं, गावाबाहेर अबू सालेहची शेती आहे, तिथे एक हिंदी माणूस लाकडं देतो, त्याच्याकडे जा.

तो हिंदी माणूस म्हणजे हुसेनभाई. साठीला टेकलेला, अंगाने सडपातळ, डोक्यावर विणलेली टोपी, आणि एक ढलपी गालाला लावून डोळे मिटून बसलेला. मला वाटलं, दाढ दुखतेय बिचाऱ्याची. नंतर कळलं, ही त्यांची परीक्षा. नुकतं फोडलेलं लाकूड गालाला गार लागलं तर ते आतून ओलं. ते परत उन्हात. कोमट लागलं तर दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे, खणखणीत आवाज आला की पास.

मी हिंदीत म्हटलं, लाकडं हवीत. ते हिंदीत म्हणाले, खोली केवढी आहे? खिडकी आहे का? उघडते का? रात्री कोण झोपतं तिथे? लहान मूल आहे का? धुराडं शेवटचं कधी साफ केलं? आता मला काय ठाऊक धुराडं कधी साफ केलं! मी वैतागून सतीशला मराठीत म्हटलं, "बाप्पा! हा माणूस लाकडं विकायला बसलाय की पोरगी द्यायला?"

हुसेनभाई खदखदून हसले. "पोरगी दिली असती गो बाय," ते चक्क मराठीत म्हणाले, "लाकडं नाय देणार. आधी खिडकी बगणार."

आणि खरंच आले. संध्याकाळी अबू सालेहची पिकअप घेऊन आले, चप्पल दाराबाहेर काढली, खिडकी तीनदा उघडून मिटून बघितली, धुराड्यात डोकं घालून वर पाहिलं आणि काळं नाक घेऊन बाहेर आले. धुराड्यात कबुतराचं घरटं होतं. ते त्यांनी स्वतः काढलं. मग मला समोर बसवून शपथ घेतल्यासारखं वदवून घेतलं, की खिडकी चार बोटं उघडी ठेवल्याशिवाय पेटवणार नाही आणि निखारे असताना त्या खोलीत झोपणार नाही. त्यांच्याबरोबर दापोलीकडच्या खाडीवरून आलेला एक सोबती पहिल्याच हिवाळ्यात बंद खोलीत निखाऱ्यांचं घमेलं ठेवून झोपला होता, तो सकाळी उठला नाही. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही. पण खिडकी बघितल्याशिवाय त्यांनी कोणाला लाकूड दिलेलं मी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून मी "डाक्टरीण बाय". मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये रक्त तपासते, हे मी वीसदा तरी सांगितलं असेल. "रगत काढतंस ना? मगे झालं," हे त्यांचं उत्तर. त्यांची खाडीकाठची बोली मला नीट लिहिता येत नाही, जमेल तशी लिहितेय. त्यांनी ऐकलं असतं तर माझ्या वऱ्हाडीची टर उडवून फिट्टंफाट केली असती.

पुढे शुक्रवारी सुट्टी मिळाली की आम्ही वखारीतच जाऊन बसायला लागलो. वखार हे नाव मी ठेवलेलं. खरं तर पत्र्याची एक लांब शेड होती, चारी बाजूंनी मोकळी. इथे रानातलं झाड तोडायला बंदी आहे, आणि हुसेनभाई ती बंदी सरकारपेक्षा कडक पाळायचे. ते फोडायचे ती शेतातलीच लाकडं, फळायची थांबलेली संत्री, म्हातारे ऑलिव्ह, वाऱ्याला अडवायला लावलेली आणि आता वाळलेली झाडं, तीही अबू सालेहने कागदपत्रं पुरी केल्यावर. एकदा एक मोठी गाडी आली. गाडीतल्या शेखला रानातलंच लाकूड हवं होतं, त्याच्या पाहुण्यांना म्हणे तोच वास आवडतो. हुसेनभाईंनी त्याला खजूर दिला, कहवा पाजला, त्याच्या वडिलांची तब्येत विचारली, पाऊण तास गप्पा मारल्या आणि शेवटी संत्र्याची लाकडं देऊन पाठवलं. जाताना तोच उलट शुक्रन, म्हणजे धन्यवाद, म्हणत होता.

लाकूड फोडताना त्यांना बघणं ही चैन होती. जुन्या टायरमध्ये ओंडका उभा करायचे, म्हणजे तुकडे उडून पायावर येत नाहीत. मग त्याच्याभोवती एक फेरी. वरची चीर कुठे जाते, गाठ कुठे बसलीय, बघून घ्यायचे. सतीशने एकदा हौसेने कुऱ्हाड उचलून बरोब्बर मधोमध घातली. ती तिथेच रुतली. हुसेनभाईंनी ती काढून दिली आणि म्हणाले, "मधे कधी मारू नये भाय. मधे लाकूड सगळ्यात हट्टी. कडेला मार, कडेने सोलत ये." पिळाच्या, गाठींच्या ओंडक्याला ते "मेवणा" म्हणायचे. "हा बग मेवणा आला," असं म्हणून बाह्या वर सारायचे. सरळ धाग्याच्या संत्र्याला काही नाव नव्हतं, ते आपलं मुकाट्याने फुटायचं.

मेव्हण्याची भानगड मला बऱ्याच उशिरा कळली. डिसेंबरात एक दिवस हुसेनभाई लॅबच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, चेहरा मात्र पडलेला. मला वाटलं, काही दुखतंय.

"जैनब येतेय," ते म्हणाले. "व्हिसा लागला. दोन महिने राहणार."

जैनब म्हणजे त्यांची बायको. इतक्या वर्षांत पहिल्यांदा येत होती. मी म्हटलं, "अगं बाई, मग पेढे द्या की!"

"कसले पेढे? मी मेलो." आणि रक्ताच्या बाटल्या ठेवायच्या टेबलाशी बसून त्यांनी मला सगळं सांगितलं.

नवे जावई म्हणून ते पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा मेव्हण्यांनी अंगणात ऐनाचा ओंडका ठेवला आणि म्हणाले, दाखवा दाजी ताकद. दाजींनी ताकद दाखवली. कुऱ्हाड मधोमध रुतली. ती निघेना म्हणून त्यांनी कुऱ्हाडीसकट ओंडका उचलला आणि ओंडक्यासकट स्वतः उकिरड्यात गेले. सगळा गाव हसला. मग जैनबने पदर खोचला, कुऱ्हाड काढली आणि तोच ओंडका फोडून दिला. त्या दिवशी यांनी ठरवलं, या गावात राहायचं नाही आणि कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. एजंट पकडला, हाइलला आले. आणि पहिल्याच सकाळी अबू सालेहच्या वडिलांनी त्यांच्या हातात काय द्यावं? कुऱ्हाड.

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. ते हसले नाहीत.

"घरी मी काय सांगितलं? बागायतीत सुपरवायझर हाय. मेवण्यांना कळलं असतं तर जगू दिलं असतं काय? आता ती येणार, वखार बगणार."

"बघू दे की! चांगलं काम आहे. चोरी केलीत का?"

"तुला नाय समजणार," असं म्हणून ते उठले. त्यांनी एक गोष्ट मला सांगितली नव्हती, ती पुढे येईलच.

ठरलं असं, की जैनबभाभी आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत राहतील, हुसेनभाई ड्युटी संपली की तिथे येतील, आणि वखारीचं नावही कोणी काढणार नाही. अबू सालेहला सांगावं लागलं. तो भला माणूस आधी पोट धरून हसला आणि मग त्या नाटकात आमच्यापेक्षा जास्त रमला. भाभींच्या देखत तो हुसेनभाईंना "या मुदीर" म्हणून हाक मारायचा, अरबीत "या" म्हणजे अहो आणि मुदीर म्हणजे व्यवस्थापक. मुदीरसाहेबांनी खिशाला दोन पेनं लावली. एक निळं, एक लाल.

भाभी आल्या. ठेंगण्या, ताठ, बोलायला तिखट. येताना कोकमं, सुका जवळा आणि तांदळाचं पीठ घेऊन आल्या आणि दोन दिवसांत माझ्या स्वयंपाकघराच्या मालकीण झाल्या. मी कामावरून यायची तर गरम भाकरी. बाप्पा, असं सुख! नवऱ्याला मात्र त्या सतत निरखायच्या. "तुमचा हा मुदीर," मला म्हणाल्या, "हात बगितलेस काय त्याचे? लाल पेनाने घट्टे पडतात?" मी भाकरीत तोंड घातलं.

आणि मग तो शुक्रवार. आमच्या अंगणात ऑलिव्हचा एक गाठाळ ओंडका पडून होता, अगदी अस्सल मेवणा. दुपारची वेळ, ऊन छान पडलेलं, आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो. भाभींना काही ना काही काम हवंच. त्यांनी कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, "गप गो, जन्म गेला माझा ह्यात." पहिला घाव छान बसला, दुसरा गाठीवर गेला. कुऱ्हाड रुतली. त्यांनी ती हलवली, पायाने ओंडका दाबला, पुन्हा हलवली.

मी हुसेनभाईंकडे पाहिलं. ते खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. ओठ हलत होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. भाभींनी कुऱ्हाड काढली आणि पुन्हा त्याच गाठीवर उगारली, आणि हुसेनभाईंच्या तोंडातून निघालं, "अगो तिथं नको!" मी त्यांचा शर्ट ओढला. काही उपयोग झाला नाही. माणूस उठला, बायकोच्या हातातली कुऱ्हाड घेतली, ओंडका पायाने अर्धा फिरवला आणि एकच घाव घातला. गाठीला वळसा घालून चीर गेली आणि ओंडका दोन बाजूंना पडला. खिशातलं लाल पेन उडून तुळशीच्या कुंडीत गेलं.

भाभींनी वाकून फुटलेल्या ओंडक्याची एक फाळ उचलली, तिची फोड बघितली, मग नवऱ्याचा तळहात उलटा करून बघितला.

"किती वर्षं?"

"एकतीस," हुसेनभाई जमिनीकडे बघून म्हणाले.

मी मधे पडले. म्हटलं, "भाभी, लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात? कष्टाचं काम आहे, इथे सगळे त्यांना मानतात..."

"लाज?" त्या माझ्यावरच उलटल्या. "लाज कशाची? फोडतो तर फोडतो! पण दर सुट्टीला हा घरी यायचा ना, तवा पावसाळ्याचं जळण कोण फोडायचं? मी! पोटात पोर होतं तवा फोडलं, ताप होता तवा फोडलं. नि हा पडवीत खुर्ची टाकून, अत्तर लावून बसायचा. म्हणायचा, मला कुठं येतं? नि वर मलाच शिकवायचा, मधे नको मारूस, कडेला मार!"

सतीश फिस्सकन हसला. मी त्याच्या पायावर पाय दिला. पण माझंही डोकं फिरलं होतं. एवढी वर्षं! मी हुसेनभाईंना म्हटलं, "खरंच तुम्ही असं केलंत?" ते म्हणाले, "घरी कुऱ्हाड धरली असती तर विचारलं असतं ना, कुठं शिकलास?" हिशेब बरोबर होता त्यांचा. फक्त त्या हिशेबात लाकडं भाभींनी फोडली.

"माझं तिकीट बदल," भाभी मला म्हणाल्या. "मी जातेय."

ही धमकी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅग भरली. नवऱ्याशी बोलणं बंद. हुसेनभाई यायचे, अंगणात उभे राहायचे, आणि खोलीचं दार बंद बघून जायचे. तिसऱ्या दिवशी मी वखारीत गेले तर ते नुसते बसलेले, समोर ओंडके तसेच. "एकतीस वर्षांत ती पहिल्यांदा आली," ते म्हणाले, "नि आठवड्यात रागावून परत गेली, तर मी कुठल्या तोंडाने घरी जाऊ? माझं घर तीच हाय गो." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग आला होता तो तिथेच गेला. मेला कुठला, इतका हुशार आणि इतका वेडा.

घरी येऊन मी भाभींच्या दारावर थाप मारली आणि सरळ विचारलं, "तुम्हाला काय हवंय? पाया पडायला हवेत? सोन्याची बांगडी हवी? काय केलं म्हणजे राहाल?"

त्या बराच वेळ बॅगेची चेन उघडमीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "मला बगायचंय."

"काय?"

"तो फोडतो कसा, ते. त्या दिवशी एकच घाव बगितला. पुरता बगितलाच नाय."

मी लगेच गाडी काढली. दुपारची दोनची ड्युटी होती, म्हटलं गेली उडत. वखारीत शिरलो तर हुसेनभाई उभेच राहिले, हात कुठे ठेवावे ते कळेना. भाभींनी इकडेतिकडे बघितलं. शेडभर रचलेली थप्पी, प्रत्येक ओळीत वाऱ्याला फट, फोडींची तोंडं उत्तरेला, एकही तुकडा लांबआखूड नाही. त्या थप्पीवरून हात फिरवत टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग संत्र्यांचा एक रिकामा खोका उलटा करून त्यावर बसल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "फोड."

पहिला घाव हुकला. आयुष्यात नसेल हुकला असा. कुऱ्हाड ओंडक्याला घासून टायरवर आदळली आणि उसळली. मला वाटलं, संपलं. हुसेनभाईंनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. ओंडक्याभोवती एक फेरी मारली. मग दुसरा घाव. एक फाळ सुटली. तिसरा, दुसरी फाळ. त्यांचा हात बसला तसा श्वास लयीत आला, पाय स्थिरावले. आता ते आमच्याकडे बघतच नव्हते. कुऱ्हाड वर जायची तेव्हा माणूस साठीचा वाटायचा नाही. ओंडका सोलला जात होता, फाळी टायरमध्ये उभ्याच्या उभ्या, आणि संत्र्याच्या लाकडाचा गोड वास शेडभर झाला. अबू सालेह कुठूनसा आला, काही म्हणणार होता, पण भाभींचा चेहरा बघून खांबाला टेकून गप्प उभा राहिला.

ओंडका संपला. हुसेनभाई थांबले, धापा टाकत बायकोकडे बघायला लागले. एखाद्या शाळकरी पोराने पाटी दाखवावी तसे.

भाभींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"अजून एक," त्या म्हणाल्या.

त्यांनी अजून एक फोडला. मग ऑलिव्हचा एक, गाठींचा. मग अजून एक. मी वाकून हळूच विचारलं, "भाभी, तिकिटाचं काय करू?"

"गप बस गो," त्या हुसेनभाईंवरची नजर न काढता म्हणाल्या. "माझा नवरा असा दिसतो, नि मलाच ठाऊक नाय. बगू दे मला."

मला उशिरा का होईना, ड्युटीवर जायचं होतं. अबू सालेहने खुणेने सांगितलं, जा, मी आहे. शेती ओलांडून फाटकापाशी आले तेव्हा गाडीची काच खाली घेतली आणि एकदा मागे बघितलं. भाभी खोक्यावर ताठ बसलेल्या, ऊन त्यांच्या पाठीवर. समोर हुसेनभाई, शर्ट घामाने भिजलेला, नवा ओंडका टायरमध्ये उभा करत होते आणि हसत होते. फाटकाशी एक गिऱ्हाईक गाडी लावून हॉर्न वाजवत होतं. हुसेनभाईंनी मान न वळवता त्याला हात केला, आज नाही. मग कुऱ्हाड वर गेली.

"अजून एक," भाभींचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.